नोटिशीतलं नाव

१

धम्मदीप गजभियेचं प्रेत आसगावच्या तलावात सकाळी सहाच्या सुमारास सापडलं, आणि साडेसातपर्यंत अख्ख्या पवनी तालुक्यानं निकालही लावून टाकला. पोरगं घाबरलं आणि पाण्यात गेलं. लोकांना काय, चहाचा कप हातात असला की निकाल द्यायला वेळ लागत नाही.

निकालाला आधार होता तो खिशातल्या कागदाचा. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली वकिलाची नोटीस, म्हणून पाण्यातही शाई फुटली नव्हती. खाली सही होती ॲडव्होकेट प्रतिक्षा शहारे, पवनी.

दहा वाजता ठाणेदारांनी तो कागद प्रतिक्षासमोर ठेवला. "तुमचीच ना, मॅडम?"

तिनं वाचून पाहायची गरज नव्हती, तरी वाचली. आसगाव महिला शेतकरी उत्पादक कंपनी हे तिचे पक्षकार. त्यांच्या जुन्या सुवासिक तांदळाचा नोंदणी झालेला ट्रेडमार्क. त्याच नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, 'सोनसर डॉट इन', तुम्ही बेकायदा स्वतःच्या नावानं अडवून बसला आहात. सात दिवसांत पासवर्डसह पक्षकारांच्या हवाली करा, अन्यथा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा होईल.

शेवटच्या ओळीशी तिची नजर अडकली. ती ओळ खोटी होती, आणि खोटी आहे हे लिहिताना तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव नुसतं नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याकडे कुणी जेलात जात नाही. नाव परत मिळवता येतं, नुकसानभरपाई मागता येते, बस. तीन वर्षांचं कलम आहे ते खोटा शिक्का मारून माल विकणाऱ्यासाठी. तिनं ते उचलून इथं चिकटवलं होतं. वकिलांच्या खोलीत ती नेहमी तावातावानं म्हणायची, दुसऱ्याचं नाव बळकावणाऱ्याला जेल व्हायलाच पाहिजे, कायदा नसेल तर करायला पाहिजे. कायदा झाला नव्हता. तिनं आपल्या लेटरहेडवर करून टाकला होता.

"आत्महत्या दिसते," ठाणेदार म्हणाले. "डोक्याला मार आहे, पण तो पायरीचा लागला असेल. मोबाइल काल रात्री आठला दहा मिनिटं कमी असताना बंद पडला. डॉक्टरही मरणाची वेळ तीच सांगतात."

"म्हणजे माझ्या नोटिशीनं मेला."

ठाणेदार सभ्य माणूस. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

२

धम्मदीप सव्वीस वर्षांचा. कोंढ्याला त्याचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, पीकविमा, पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं तोच भरायचा. प्रतिक्षा चौथ्या दिवशी आसगावला त्याच्या घरी गेली. कशासाठी गेली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, एवढं खरं.

त्याची माय पंचफुला ओसरीत बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली धम्मदीपचा, पासपोर्टवरून मोठा केलेला. प्रतिक्षानं जयभीम केला आणि नाव सांगितलं. बाई चिडेल, हाकलेल, अशी तयारी करून ती आली होती. पंचफुलानं चटई पुढे सरकवली.

"एकच सांगा, वकिलीनबाई. माह्या पोरानं चोरी केली का?"

"मला माहीत नाही," प्रतिक्षा म्हणाली. खरं तेच बोलली.

"बाया म्हणून राह्यल्या, त्यानं कंपनीचं नाव चोरलं. बारा वर्ष त्याइच्या संगं धानाचा रोवना केला मी. मातीले एक बाई नाही आली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गेला तो गेला. पण चोर म्हणून गेला, हे मले सोसत नाही."

"नोटीस आल्यावर घाबरला होता का तो?"

"घाबरन कायले? हसून राह्यला होता. म्हने, माय, वकिलीनबाईनं जे नाव लिहलं, ते दुनियेत हायेच नाही. म्या काम्पुटरवर पायलं. आता जाऊन विचारतो, हे कोनं सांगतलं म्हून."

"हे कधी म्हणाला?"

"मेला त्याच दिवशी सकारी."

घाबरलेला माणूस नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवत नाही. चुरगाळतो, चुलीत घालतो. हा तर कागद जपून घेऊन निघाला होता, कुणाला तरी दाखवायला. प्रतिक्षाचं मन चार दिवसांत पहिल्यांदा थोडं हललं. मग लगेच तिला स्वतःची लाज वाटली, कारण जे हललं होतं त्यात सुटकेचा वास होता.

३

ठाणेदारांकडे गेली तर त्यांनी हसून एक कागद पुढे केला. "मॅडम, मनातून काढून टाका सगळं. तुमची नोटीस शंभर टक्के खरी होती."

इंटरनेटच्या नोंदवहीतला उतारा होता, कुणालाही काढता येतो असा. 'सोनसर डॉट इन'. मालक धम्मदीप गजभिये. पत्ता कोंढा. नोंदणी ११ नोव्हेंबर, १८:०५.

"अकरा तारखेला मेला. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी नाव घेतलं, सात वाजता सेंटर बंद केलं, आठच्या आत तलाव. पस्तावला असेल."

"साहेब, माझी नोटीस सहा तारखेची आहे. सहा तारखेला हे नाव जन्मालाच आलं नव्हतं. मग मी कशाची नोटीस दिली?"

ठाणेदारांनी कागद परत पाहिला. "नोटीस पाहून चिडला असेल. म्हणाला असेल, आळ घेताय तर नाव घेऊनच दाखवतो."

असं होऊ शकत होतं. सव्वीसचं वय, रागाच्या भरात माणूस काहीही करतो. तरी प्रतिक्षाला दुसरंच खटकलं. नाव घेताना मालक झाकायची सोय असते, फुकट असते. धम्मदीपसारखा रात्रंदिवस हेच करणारा पोरगा ती सोय सोडून आपलं पूर्ण नाव, गाव, सगळं उघडं ठेवतो. चोरी करायची आणि दारावर आपलीच पाटी लावायची?

"हा कागद तुम्ही काढला?"

"नाही हो. आमच्याकडे एवढा वेळ कुठला? धनीराम शेठनं आणून दिला, लाखांदूरचे मिलवाले. त्या बायांचं धान त्यांच्याच मिलमध्ये भरडते. चांगला माणूस आहे, स्वतः येऊन गेला."

प्रतिक्षानं कागदाचा फोटो काढून घेतला. बसस्टँडवर येईपर्यंत तो तिनं तीनदा पाहिला. १८:०५ च्या पुढे एक इंग्रजी झेड होता. तिनं तो पाहिला आणि सोडून दिला. छापताना काही येतं, असं समजली. वकिलानं अक्षर सोडलं की काय होतं, ते तिला अजून कळायचं होतं.

४

कंपनीचं ऑफिस म्हणजे आसगावातली एक खोली, तांदळाच्या पोत्यांनी भरलेली. अध्यक्ष सत्यभामाबाई भोयर तराजूपाशी बसून होत्या. साठीची बाई, आवाज असा की खोलीबाहेरची कोंबडी पळावी. त्यांचा पुतण्या योगेंद्र, अमरावतीकडे मामाच्या घरी वाढलेला, कंपनीचा मॅनेजर.

"काम फोनवर घेतलं मी," प्रतिक्षा त्याला म्हणाली. "तुम्हीच फोन केला होता पाच तारखेला. आठवत असेल."

"मी? मॅडम, मी तुम्हाले आज पहिल्यांदा पाहून राहिलो."

"मी योगेंद्र भोयर बोलतो, कंपनीचा मॅनेजर, असं सांगितलं. लेटरहेडवर अधिकारपत्र पाठवलं."

"मॅडम, देवाशपथ नाही. मले तर नोटीस समजली तेव्हा धम्मदीप गेला होता. आणि मी कायले देईन? सोनसय डॉट इन त्याच्याच ईमेलवर हाय, हे आम्हाले साऱ्यांले माहीत. चार साल आधी त्यानंच करून देल्लं. आमच्यातल्या कोनापाशी ईमेल नव्हता, म्हून आपला टाकला. एवढ्या वेयेस म्हनलं त्याले, बाबा कंपनीच्या नावावर कर. तो म्हने, बायांची सभा घ्या, ठराव करा, लगेच देतो."

"मग दिलं का नाही?"

"सभाच नाही झाली. कापनीचे दिवस." त्यानं मान खाली घातली. "मागच्या महिन्यात धनीराम शेठ नागपूरचा एक व्यापारी घेऊन आले. त्याले सोनसयचं नाव पाहिजे होतं. वेबसाइटसकट. धम्मदीप म्हने, ठरावाबिगर कोनाले नाही. बरोबरच होतं त्याचं."

प्रतिक्षानं मोबाइलमधला अधिकारपत्राचा फोटो दाखवला. सत्यभामाबाईंनी चष्मा चढवला.

"सही माहीच हाय," त्या म्हणाल्या. "पन हे वरचं टाइप केलेलं म्या पायलं नाही."

"कोऱ्या कागदावर सही करता?"

"करतो ना. धानाची गाडी मिलवर जाते, तिच्या संगं सही केलेलं कोरं लेटरहेड देतो. वजन तिथं होते, मंग ते वजन भरतेत. आजपावतर कधी गडबड नाही झाली."

सत्यभामाबाई बोलता बोलता थांबल्या. बाहेर मळणीयंत्र चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"बाई," सत्यभामाबाई हळू म्हणाल्या, "त्या पोराच्या मातीले आम्ही नाही गेलो."

५

धनीराम शेठनं तिला मिलच्या ऑफिसात खुर्ची दिली, चहा मागवला. पांढरा शर्ट, टेबलावर लॅपटॉप, बाजूला बिलांची चळत.

"वाईट झालं, बाई. तरनं पोरगं. पन सोनसरचं नाव त्यानं अडवलं, हे तर कागदावर दिसून राह्यलं."

"कागद तुम्हीच काढला ना?"

"मले काय समजते इंटरनेट-फिंटरनेट? पोरानं काढून देल्ला. नागपुरात शिकते." त्यानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "संध्याकारी सहाले नाव घेतलं, अन् आठाच्या आत सारं खतम. आता तुमी तरी जिवाले काहून लावून घेता? तुमी तर कायद्यानं केलं."

चहा गोड होता, माणूसही गोड होता. प्रतिक्षा उठून आली.

ऑफिसात निर्मलाबाई फाइली लावत होत्या. टायपिंग, फोन, पक्षकारांना बसवणं, सगळं त्यांच्याकडे. प्रतिक्षानं सहज विचारलं, "अकरा तारखेला माझ्याकडे कोण कोण आलं होतं?"

निर्मलाबाईंच्या हातातली फाइल तशीच राहिली. "मॅडम, मी तेव्हापासून सांगीन सांगीन म्हणते. तो पोरगा आला होता."

"कोण?"

"धम्मदीप. दुपारी बारा वाजता. तुम्ही आत होत्या. मी येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणाल्या, लेखी उत्तर द्यायला सांगा, मी प्रतिवादीला भेटत नसते."

आता आठवलं. मान वर न करता म्हणाली होती. दरवाज्याच्या फटीतून निळा शर्ट दिसला होता.

"तो म्हणे, ताई, दोनच मिनिटं. मॅडमनी लिहिलेलं नाव कुणाचंच नाही, त्यात चूक झाली आहे. मी म्हटलं, मॅडम नाही भेटणार. मग म्हणे, तक्रार ज्यानं केली त्याचा नंबर तरी द्या, मीच समजावून सांगतो. मला दया आली. दिला."

"कोणता नंबर?"

"योगेंद्र भोयरचा म्हणून जो आपल्याकडे होता, तोच."

प्रतिक्षा खुर्चीत बसली. तो नंबर तिनं लावून पाहिला होता, प्रेत सापडलं त्या दिवसापासून बंद. म्हणजे धम्मदीपनं तो लावला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, की नोटिशीत जे नाव लिहिलंय ते कुणी घेतलेलंच नाही. आणि पलीकडच्या माणसानं त्याला तलावाच्या पाळीवर बोलावलं. तो नंबर तिच्या ऑफिसनं दिला होता.

तिनं जुनी वही काढली. पाच तारखेचा फोन घेताना तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं. एवढंच नव्हे, विचारलंही होतं, शेवटी र का? पलीकडून उत्तर आलं होतं, हो हो, र, सोनसर. ट्रेडमार्कचा दाखला तिनं मागितलाच नव्हता. वहीतल्या त्या र कडे पाहता पाहता तिला योगेंद्रचं बोलणं आठवलं, आणि तिनं ठाणेदारांना फोन लावला.

६

सभा कंपनीच्याच खोलीत भरली. चाळीसेक बाया, ठाणेदार, योगेंद्र, मानानं बोलावलेले धनीराम शेठ. पंचफुला दाराशी बसली होती, कुणाच्याही शेजारी नाही.

"तुमच्या तांदळाचं नाव काय?" प्रतिक्षानं विचारलं.

"सोनसर," बाया एका आवाजात म्हणाल्या.

"ट्रेडमार्कच्या दाखल्यावर सोनसळ आहे. ळ. इंग्रजीत शेवटी एल. पण आपल्या झाडीपट्टीत तळ्याला तरा म्हणतात, डोळ्याला डोरा. तसं सोनसळचं सोनसर. धम्मदीपनं फॉर्म भरले, म्हणून त्यानं ळ नीट लिहिला, वेबसाइटलाही सोनसळ डॉट इनच नाव दिलं. मला फोन करणाऱ्यानं र सांगितला, आणि मी बावळट, ऐकलं तसं लिहिलं. त्यानं मुद्दाम खोटं नाव सांगितलं नव्हतं. त्याला खरंच नाव सांगायचं होतं. जीभ त्याची होती, तशी ती वळली."

"सगरे तसंच बोलतेत," धनीराम हसत म्हणाला.

"सगळे नाही. योगेंद्र अमरावतीकडे मामाच्या घरी वाढला. तो सोनसय म्हणतो. त्याच्या तोंडून र येत नाही. म्हणजे योगेंद्र म्हणून मला फोन करणारा योगेंद्र नव्हता. तो इथला माणूस होता, आणि त्याच्याकडे सत्यभामाबाईंच्या सहीचं कोरं लेटरहेड होतं. ते फक्त धानाच्या गाडीसोबत मिलला जातं."

धनीरामचं हसू गेलं नाही, पण त्याला ते आता नीट सांभाळता येईना. "अन् ते सहा वाजताचं? त्यानं सोता नाव घेतलं, ते?"

"तुम्हीच तो कागद आणलात, शेठ, बरं केलंत. त्यावर अठरा वाजून पाच मिनिटं आहेत आणि पुढं एक झेड आहे. मीही आधी सोडून दिला होता. काल नीट वाचून घेतलं. ते घड्याळ आपलं नाही. जगाचं एक वेगळं घड्याळ असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. अठरा पाच म्हणजे इथले रात्रीचे अकरा पस्तीस. तेव्हा धम्मदीपला पाण्यात जाऊन पावणेचार तास झाले होते." तिनं कागद त्याच्यासमोर धरला. "मेलेल्या माणसानं नाव घेतलं, शेठ? की माझी नोटीस खरी दिसावी म्हणून दुसऱ्या कुणी त्याच्या नावावर घेतलं?"

"त्यानं पासवर्ड देल्ला असता तर काही झालं नसतं," धनीराम म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. "ढकलला फक्त. म्या मारला नाही. व्यापाऱ्याले जबान देऊन बसलो होतो. हा म्हने, उद्याच बायांले सांगतो, शेठ, तुमी योगेंद्रचं नाव घेऊन फोन केला."

ठाणेदार उठले. त्या रात्री नावाची फी धनीरामच्या खात्यातून गेली, हे त्यांनी सकाळीच काढून ठेवलं होतं. धनीरामला गाडीत बसवून नेलं तेव्हा एकही बाई दारापर्यंत गेली नाही.

सत्यभामाबाई पंचफुलाजवळ जाऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुह्या पोरानं आमचं नाव चोरलं नाही. राखलं." बाकीच्या बाया एकेक करून येऊन बसल्या. पंचफुला रडली नाही. तिनं प्रत्येकीकडे पाहिलं, जणू मोजून घेत होती कोण आलं.

मग तिनं प्रतिक्षाकडे पाहिलं. "वकिलीनबाई, कुनाचं नाव घेऊन ठेवलं तर खरंच तीन वर्षाची जेल हाय का?"

खोलीत चाळीस बाया होत्या. कुणी म्हटलं असतं, हे आता कशाला? प्रतिक्षालाही तसंच म्हणता आलं असतं.

"नाही. तसा कायदा नाही."

"होयाले पाहिजे का?"

"मी म्हणत होते, व्हायला पाहिजे. आता माहीत नाही. कायदा नसताना मी त्याचा धाक घातला. असता तर धनीरामनं तो खराच वापरला असता."

"मंग तुमी कायले लिहलं?"

"तो घाबरेल, म्हणून."

पंचफुलानं मान हलवली. "तो भेला नाही. तो तुमाले सांगाले जातो म्हनत होता."

"आला होता. माझ्या दारात उभा होता. दोन मिनिटं मागत होता." प्रतिक्षा म्हणाली. "मी भेटले नाही. माझ्याच ऑफिसातून त्याला धनीरामचा नंबर मिळाला."

पंचफुलानं ऐकून घेतलं. शिवी नाही, शाप नाही. मग तिनं जमिनीवर हात टेकले आणि उठली, आणि चाळीस बायांमधून वाट काढत घराकडे चालू लागली. सत्यभामाबाई तिच्या मागोमाग गेल्या. मग बाकीच्या गेल्या. प्रतिक्षाला कुणी चला म्हटलं नाही.